अस्वलाची बरणी आणि मामाची सुकट

पुण्याहून मंडणगडला जाणाऱ्या एसटीत माझ्या मांडीवर एक बरणी होती. फूटभर उंच, धुरकट निळी, आरपार दिसणारी, आणि रिकामी असतानाच सव्वा किलोच्या आसपास भरणारी. शेजारच्या बाईंनी माणगावपर्यंत धीर धरला आणि मग विचारलंच, "लोणचं का हो?"

"नाही, अस्वलासाठी आहे," मी म्हटलं. त्यानंतर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

खोटं नव्हतं ते. लेक कॅलिफोर्नियात असते. येत्या जुलैत ती मला योसेमिटीच्या रानातून पाच दिवस, पाठीवर बिऱ्हाड देऊन चालवणार आहे. तिथे अस्वलं आहेत, आणि रानात मुक्काम करायचा तर खाणं असल्या बरणीतच ठेवायचं, असा उद्यानाचा नियम आहे. "आई, तुला जमिनीवर झोपायची सवय नाही, ओझं घेऊन चालायची सवय नाही, आणि पिशवीत खाऊ लपवायची मात्र जन्माची सवय आहे," असं म्हणत तिने या वेळी येताना ही बरणी सामानात घालून आणली (आत चॉकलेटं ठासून, जागा फुकट घालवणं आमच्या रक्तात नाही) आणि रंगीत तालीम कोकणात करायचं ठरवून टाकलं. वेळासपासून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुडपर्यंत. माझा धाकटा भाऊ चिपळूणहून येऊन मिळणार होता. तो लेकीचा मामा, म्हणून पुढे सगळीकडे मामाच.

"कोकणात कुठलं आलंय अस्वल?" मामाने फोनवर विचारलं होतं. "आपलं अस्वल म्हणजे दरवेशाचं."

मला ते आठवतं. वेसण घातलेलं, दमलेलं, धुळीने राखाडी झालेलं. पोरांची भीती जावी म्हणून दरवेशी त्याचे केस विकायचा आणि आजीने ते ताईतात घालून मामाच्याच गळ्यात बांधले होते. आता ते खेळ बंद झाले, बरंच झालं. रानातली अस्वलं राहिली ती वर, कोयना-चांदोलीकडे, वाळवी आणि मध हुडकत हिंडणारी. समुद्राकाठी त्यांचं काही काम नाही.

"मग तालीम कुणाबरोबर?"

"मुंग्या, कुत्री, कावळे, माकडं," लेक म्हणाली. "अस्वलाचं काम करायला पुष्कळ नट आहेत तिथे."

दिवस पहिला : वेळास

फाल्गुन शुद्ध एकादशी. शिमग्याचे ढोल मंडणगडपासूनच कानावर येत होते. तिथी मुद्दाम सांगते आहे, पुढे तिचा संबंध येणार आहे.

वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या नोव्हेंबरपासून इथल्या वाळूत खड्डा करून अंडी घालून जातात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. पूर्वी ती माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरायला सुरुवात केली. किनाऱ्यावर दिवे आणि तंबू नकोत हे उघडच होतं, म्हणून आम्ही एका घराच्या मागच्या आगरात, नारळी-पोफळीखाली तंबू ठोकायची परवानगी काढली. जेवण त्यांच्याकडे नको म्हटल्यावर घरच्या वहिनी जरा खट्टू झाल्या.

संध्याकाळी पहिला धडा. लेकीने सतरंजी पसरली आणि म्हणाली, "ज्याला ज्याला वास आहे ते सगळं इथे ठेवा."

आम्ही कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, तांदूळ, गूळ, लसणीची चटणी, हिंगाची डबी असं मांडलं. ती हलेना. "टूथपेस्ट?" ठेवली. "साबण? उन्हाचं क्रीम? ओठांचं मलम? खोबरेल?" ठेवलं. "डोकेदुखीचा बाम?" इथे मात्र मी भांडले. बाम कोण खातं? तर अस्वलाला खायचा की नाही हे चाखूनच कळतं, आणि चाखायला ते तंबू फाडून आत येतं. त्याचं नाक कुत्र्यापेक्षाही तिखट. माणसाला जो वास 'सामानाचा' वाटतो तो त्याला 'जेवणाचा' वाटतो, एवढंच. सांडलेला रस्सा पुसलेलं फडकं, रिकामं वेष्टण, उष्टा चमचा, सगळं बरणीत. ज्या कपड्यांत फोडणी घातली त्या कपड्यांत झोपायचं नाही.

"म्हणजे सोवळं," मामा म्हणाला.

"उलटं सोवळं," मी म्हटलं.

तिघांचं खाणं एका बरणीत मावेना. ती एका माणसाच्या आठवड्याभराची असते म्हणे. तांदूळ बसले तर गूळ बाहेर, गूळ बसला तर बाम. लेकीने पुड्या उघडून हवा काढली, सगळं दाबून दाबून चिणलं, फटीफटींतून मेतकूट सारलं. तरी मामाची एक पिशवी उरली. तिच्यात काय आहे ते त्याने एकादशीच्या दिवशी सांगायचं टाळलं.

रात्री तीनच्या सुमारास मला कमरेला चावा बसला. मग दुसरा. विजेरी लावली तर तंबूच्या दोरीवरून, चेनच्या टोकातल्या फटीतून, अगदी शिस्तीत, तांबड्या मुंग्यांची रांग थेट माझ्या स्वेटरच्या खिशात निघालेली. खिशात डिंकाचा अर्धा लाडू होता. दुपारी एसटीत खाल्लेला. लपवला नव्हता हो, विसरले होते. पण हे लेकीला पहाटे तीन वाजता कसं पटवणार? ती काही बोलली नाही. बाहेर जाऊन स्वेटर झटकला, लाडू बरणीत टाकला, बरणी पुन्हा तीस पावलांवर फणसाखाली ठेवून आली आणि झोपताना एवढंच म्हणाली, "तिकडे या जागी अस्वल असतं."

दिवस दुसरा : केळशी

उजाडताना कुंपणाशी गेलो. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती. 28 पिल्लं निघाली, मोजली मी. पाण्यापर्यंतचं अंतर त्यांना स्वतःच तुडवू देतात. वर घारी आणि कावळे ताटकळत होते, पण कडेने माणसं उभी म्हणून खाली येत नव्हते. लेक माझ्या कानाशी म्हणाली, "ते कुंपण पाहिलंस? तीही बरणीच."

भारजा नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून केळशीला. ऊन मी म्हणत होतं. काजूची बोंडं पिकून खाली पडलेली, त्यांचा आंबूस वास सबंध रस्ताभर. पाठीवर दहा किलो असताना निसर्गसौंदर्याविषयी लिहिणाऱ्या लोकांबद्दल मला आता आदर वाटतो. महालक्ष्मीच्या देवळात गार फरशीवर तासभर नुसते पडून राहिलो.

मुक्काम एका जुन्या घराच्या परसात. घरात ऐंशीच्या घरातल्या एकट्या काकू. त्यांनी बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली, झाकण उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. कडेवरची खुट्टी आत दाबून मग झाकण फिरवावं लागतं. खुट्ट्या दोन, आणि अंगठ्यात जोर हवा. "हे अस्वलाला जमत नाही आणि मलाही," त्या म्हणाल्या, "तर मग तुम्ही जेवता कशा?" रास्त प्रश्न होता. लेकीच्या एका मैत्रिणीला थंडीने बोटं आखडली असताना अर्धा तास जेवण मिळालं नव्हतं म्हणे.

आता मामाची पिशवी. एकादशी सरली होती, त्यामुळे गुपित फुटलं. पाव किलो सुकट. लेकीने कपाळाला हात लावला. एवढ्या वासाची वस्तू पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. बरणीत जागा नव्हती आणि जागा असती तरी मी तिला मेतकुटाच्या शेजारी बसू दिलं नसतं. तेव्हा मामाने आपलं डोकं चालवलं: काथ्याची दोरी, तिला पिशवी, आणि पिशवी चाफ्याच्या फांदीला. "शिंकं! आपल्या पूर्वजांनी सगळं करून ठेवलंय."

लेक म्हणाली, तिकडच्याही पूर्वजांनी तेच केलं होतं. दोरीने खाणं झाडाला टांगायचं. काही उद्यानांत अजून चालतं, पण त्याला माप आहे: जमिनीपासून किमान 10 फूट वर आणि खोडापासून 4 फूट लांब. योसेमिटीत मात्र टांगायला बंदी आहे, कारण तिथल्या अस्वलांनी ही विद्या कधीच आत्मसात केली. दोरी जिथे बांधलीय तिथे ती चावून तोडायची. बारीक फांदी पेलत नसेल तर आईने खाली थांबायचं आणि पिल्लाला वर पाठवायचं.

मामाची पिशवी जमिनीपासून सहा फुटांवर आणि खोडापासून दीड वितीवर होती. त्याने वर पाहिलं, माप मनात घेतलं, आणि "इथे अस्वलं नाहीत" म्हणून झोपायला गेला.

मध्यरात्री कोल्हेकुई झाली, लांब, स्मशानाच्या बाजूला. मग जवळच काहीतरी धप्पकन पडलं. सकाळी दोरी जागेवर, पिशवी चाफ्याखाली फाटलेली, आणि सुकटीचा एक दाणा नाही. कोल्हा एवढ्या वर चढत नाही. काकूंनी खोडावरच्या ओरखड्यांकडे एक नजर टाकली. "कांडेचोर," त्या म्हणाल्या. उदमांजर. "सगळी रात्र माझ्या कौलांवर नाचतो. पण आत या, तुम्हाला दाखवते."

स्वयंपाकघर अंधारं, शेणाने सारवलेलं. आढ्याला गेल्या पावसाळ्यातली दोन तवशी अजून टांगलेली. आणि खोलीच्या अगदी मधोमध, कुठल्याच भिंतीच्या, फळीच्या, खांबाच्या उडीत येणार नाही असं शिंकं. त्यात विरजणाचं गाडगं. वरच्या दोरीत एक पालथी करवंटी ओवलेली होती, उंदीर वाशावरून दोरीने उतरलाच तर करवंटीवरून घसरून पडावा म्हणून. दुधाचं पातेलं खाली, पाणी भरलेल्या परातीत उभं, मुंग्यांसाठी. तांदळाच्या डब्याच्या झाकणावर वरवंटा. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला.

"खोडाला लागून शिंकं टांगतं का कुणी?" त्यांनी मामाला विचारलं. मामा तवशांकडे बघत होता.

लेकीने त्या शिंक्याचे पाचपंचवीस फोटो काढले. बाहेर आल्यावर नारळांच्या खोडांना गुंडाळलेल्या पत्र्यांचेही काढले. ते उंदरांसाठी असतात. उंदीर वर चढतात, पत्र्यावर नख रुतत नाही, घसरतात. "आमच्याकडे पोलादी खांब असतात," ती म्हणाली, "वर आकडे, पिशव्या अडकवायला. अगदी हेच." हे सगळं मी लहानपणापासून बघत आले आणि एकदाही विचारलं नाही की पत्रा कशाला, करवंटी कशाला.

दिवस तिसरा : उटंबर, आडे, पाडले

उटंबरच्या चढाने जीव काढला. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

आडे-पाडल्याच्या बाजूला एका कोळणीकडून मामाने पुन्हा सुकट घेतली. आता बरणी निम्मी रिकामी झाली होती, दोन दिवसांचं खाणं पोटात गेलेलं, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरलं नाही. सुकट दुहेरी पिशवीत बांधून आत गेली. मेतकूट मी वर काढून घेतलं होतं, पण ठेवणार कुठे? पुन्हा आतच.

तंबू एका आगराच्या टोकाला, केवड्याच्या कुंपणाच्या अलीकडे. मालकांनी विहीर दाखवली, "कुत्र्यांना काही घालू नका, मग जात नाहीत," एवढं बजावलं आणि पालखीला निघून गेले. लेकीने त्रिकोण आखला. झोपायची जागा एका कोपऱ्यात, रांधायची दुसऱ्या, बरणी तिसऱ्या. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात या कोपऱ्यांमधलं अंतर शंभर यार्ड ठेवायला सांगतात. वारा जेवणाकडून तंबूकडे येत नाही ना हेही बघायचं. कुळथाची पिठी आणि भात झाला, चुलीच्या जागी सांडलेली शितंसुद्धा वेचली. मग बरणी कुठे? एका बाजूला रस्ता, एका बाजूला मालकांचा गोठा, मागे घर. उरला समुद्र. केवड्यापलीकडे मऊ वाळू होती, तिथे एक खोलगट जागा बघून लेकीने ती ठेवली. भरतीची रेषा, म्हणजे शेवाळ-शिंपल्यांचा वाळका पट्टा, चांगला दहा पावलं खाली होता. तिने तो पाहिला. मीही पाहिला.

"भरती कधी?" तिने मामाला विचारलं.

मामाने तिथीची पाऊणकी केली. कोकणात हे पोराटोरांना येतं. तिथीच्या आकड्याला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आज त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. "पावणेदहाला भरेल, मग उतरेल. झोपा."

वेळ बरोबर होती. चूक पुढे होती. वेळ कळते, पाणी किती वर येईल ते पाऊणकीने कळत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर नसतो. तिथून पुनवेकडे जाताना ती दर दिवशी थोडी थोडी पुढे सरकते, उधाण चढत जातं. त्या वाळक्या पट्ट्याच्या बेतानेच आम्ही चाललो, आणि आजचं पाणी त्याच्या पलीकडे यायचं होतं. शिवाय वारा समुद्राकडून.

पहाटे लेक बरणी आणायला गेली आणि पाच मिनिटं परत आली नाही. मग हाका मारत आली. जागेवर काही नव्हतं. खोलगट भागात पाण्याने घासलेली गुळगुळीत वाळू, आणि नवा ओला पट्टा केवड्याच्या मुळांपर्यंत.

तिकडच्या सूचनांत हेही असतं, ती नंतर म्हणाली, हिरमुसून. बरणी कड्याच्या टोकाला किंवा पाण्याजवळ ठेवू नये. अस्वल ती फोडू शकत नाही, पण लाथाडत लाथाडत दरीत किंवा नदीत घालवू शकतं. तिने अस्वलाचा विचार केला होता. समुद्राला पाय असतात हे लक्षात घेतलं नाही.

आम्ही तिघे किनारा धरून चालत सुटलो. मी मनात काय काय गेलं त्याची यादी करत होते: टूथपेस्ट, बाम, सगळं जेवण, परतीच्या एसटीचे सुट्टे पैसेसुद्धा (ते का ठेवले होते विचारू नका). मैलभरावर दोन कोळी जाळं आवरत बसले होते आणि त्यांच्या होडीत, दोरांच्या वेटोळ्यावर, आमची बरणी.

"बोया वाटला," त्यातला म्हातारा म्हणाला. "उचलला तर आत भात दिसला." मग थांबून, "आणि सुकट. पण कशाला घातलीत हो समुद्रात? आम्ही ती बाहेर काढतो."

असल्या बरण्या अस्वलापुरत्या पक्क्या, पाण्याला पक्क्या नसतात. झाकणातून वाटीभर खारं पाणी आत गेलं होतं. रात्रभर लाटांनी घुसळून मेतकूट, गूळ, भाजणी, बाम आणि सुकट यांचं जे काही झालं होतं त्याला मराठीत नाव नाही. दुहेरी पिशवीची गाठ मामाने बांधली होती.

दिवस चौथा : आंजर्ले, हर्णै, मुरुड

बरणी विहिरीवर तीन वेळा घासली. मालकांकडून पोहे आणि गूळ विकत घेतला, त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर सहा शहाळी दिली. कड्यावरच्या गणपतीला चढून गेलो. वरून सुवर्णदुर्ग दिसतो, तो बघत बसलो असताना देवळाखालच्या पायरीवर ठेवलेल्या बरणीशी तांबड्या तोंडाचं एक माकड येऊन बसलं.

लेकीने आम्हाला हलू दिलं नाही. "बघू या."

आधी त्याने ती हुंगली. मग दोन्ही हातांनी कवटाळून झाकणाला दात लावले. बरणी मुद्दाम गोल आणि गुळगुळीत असते, जबड्यात कड येत नाही. दात घसरले. मग आडवी पाडून ढकलली, ती गडगडत दोन पायऱ्या उतरली, तसं ते दचकून कठड्यावर चढलं. पुन्हा आलं. आरपार पोहे दिसत होते, तेच जास्त चीड आणत असावं. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटांत त्याने नाद सोडला आणि एका काकांच्या हातातलं केळं हिसकावून गेलं.

अमेरिकेत माँटाना राज्यात वेस्ट यलोस्टोन म्हणून गाव आहे. तिथल्या केंद्रात पाळलेल्या ग्रिझली अस्वलांपुढे अशा बरण्या खाणं भरून टाकतात. तासभर झटापट करूनही फुटली नाही तर पास. आणि तरीही न्यू यॉर्कच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत एक मादी निघालीच, कानांना दोन पिवळे बिल्ले म्हणून तिचं नावच यलो-यलो, जी खुट्टी दाताने दाबून झाकण फिरवायला शिकली. कारखान्याने दुसरी खुट्टी बसवली, ती तेही शिकली. हे ऐकताना मला तिचं कौतुक वाटलं. पुढे 2012 साली ती शिकाऱ्याच्या गोळीने गेली.

केळंवाले काका हसत होते. मुलांना माकड जवळून दिसावं म्हणून त्यांनी हात मुद्दाम पुढे केला होता. त्यांना हसू येणार, ते संध्याकाळी परत जाणार. वाटेवर कोकम सरबत विकणाऱ्या बाई मात्र बोलल्या. त्यांच्या परड्यात आता ना पपई राहते, ना कोवळा नारळ, काजूचं बोंड पिकायच्या आधी ओरबाडलेलं. पूर्वी माकडं माणूस दिसला की पळायची. आता माणूस दिसला की येतात, हातात पिशवी असली तर अंगावर येतात. मी केळशीपासून इथपर्यंत हे तीनदा ऐकलं होतं, वेगवेगळ्या तोंडून. बागा टाकून मुंबईला गेलेल्यांची नावंही ऐकली होती.

उतरताना लेक सांगत होती. योसेमिटीत 1998 साली अस्वलांनी मोटारी फोडल्या, तंबू फाडले, असे दीड हजारांवर प्रकार झाले. एका वर्षात. मोटारीच्या दाराची वरची कड नखांनी वाकवून पत्रा खाली ओढायचा, आत शीतपेटी नाहीतर नुसतं बिस्किटाचं वेष्टन. ही अस्वलं वाईट झाली नव्हती, शिकली होती. आणि शिकलेल्या अस्वलाला विसरायला लावता येत नाही, फार धीट झालं की शेवटी मारावं लागतं. आई पिल्लाला शिकवते, मग ते दोघं. त्यानंतर मुक्कामाच्या जागी लोखंडी पेट्या, रानात बरण्या, रात्री मोटारीत खाणं ठेवलं तर दंड, असं सगळं नेटाने लावून धरलं, तेव्हा कुठे आकडा खाली आला. "पेट्या लावणं सोपं होतं," ती म्हणाली, "लोकांना त्या बंद करायला लावणं अवघड."

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कांडेचोर आता त्या चाफ्यावर रोज येईल, नाही?"

"काही दिवस येईल."

पुढच्या थांब्यावरून त्याने काकूंना फोन केला आणि चाफ्याखालची वाळकी पानं जाळून टाकायला सांगितली, वास जावा म्हणून. काकूंनी ती सकाळीच जाळली होती.

हर्णैच्या बंदरात संध्याकाळचा लिलाव. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी फक्त वाळत घातलेल्या मासळीकडे बघत होते. बांबूच्या मांडवावर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले, माणसाच्या डोक्याहून वर. खाली पसरलेल्या सुकटीवर जुनं जाळं, कावळ्यांसाठी. आणि कडेला काठी घेऊन बसलेली म्हातारी, बाकी सगळ्यांसाठी.

मुरुडला सुरूच्या बनामागे शेवटचा मुक्काम. चतुर्दशी, साडेदहाची भरती. या वेळी बरणी समुद्राकडे नाही, उलट बाजूला, चाळीस पावलांवर, दोन दगडांच्या मध्ये. लेकीने झोपण्यापूर्वी आमचे खिसे तपासले. माझ्या खिशात काही नव्हतं. तिच्या स्वतःच्या निघालं, आवळासुपारीचं वेष्टन. मी काही बोलले नाही. ते मी फार चांगलं केलं असं मला वाटतं.

रात्री कुत्री येऊन गेली असावीत. दगडांभोवती पावलं होती. बरणी तिथेच.

दिवस पाचवा आणि त्यानंतर

होळीपौर्णिमा. दापोलीहून पुण्याची गाडी. मामा चिपळूणला गेला, जाताना भाचीला म्हणाला की पुढच्या खेपेला बांगडे आणतो.

बरणीला वास येतच राहिला. चिंचेच्या कोळाने घासली, ताकात भिजवली, बेसन लावून उन्हात ठेवली, लिंबाची सालं भरून चार दिवस बंद करून ठेवली. उघडली तेव्हा लिंबू आणि सुकट दोन्ही वास आले. प्लॅस्टिकने तो पिऊन घेतलाय. लेक परत जाताना मी ती सामानात घालायला काढली, तर तिने झाकण उघडून नाक आत घातलं आणि पुन्हा लावून टाकलं.

"राहू दे, आई. ही घेऊन गेलो तर पाच मैलांवरची अस्वलं आपल्याला भेटायला येतील. परवाना घेताना तिथेच भाड्याने मिळते."

तेव्हापासून ती माझ्या ओट्याखाली आहे. सुकट ठेवते तिच्यात. झाकण उघडायला अजून दोन्ही अंगठे लागतात, आणि शेजारचा बोका रोज दुपारी खिडकीतून येऊन तिच्यासमोर बसतो.